कफबाई आणि एकशे सतरा

कफबाईची नोकरी माझ्यामुळे गेली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे एवढं सगळं तुला कसं माहीत, असं पुढं कुणी विचारायला नको. आणि नोकरी गेली म्हणून आता मी तिचे गोडवे गाईन, अशीही कुणी अपेक्षा ठेवू नये. ती चांगली बाई नव्हती. खडूस होती, खवचट होती, आणि चारचौघांत कुणाचा पाणउतारा करायला मिळाला की तिच्या चेहऱ्यावर तुकतुकी यायची.

विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राचा आमचा वर्ग तीस जणांचा. माणसाचं शरीर धावताना, झोपताना, घाबरल्यावर, उपाशी असताना काय काय करतं ते शिकायचं आणि मोजायचं. शिकवायला प्राध्यापक होते, पण मोजायला शिकवायची ती कफबाई. हुद्द्यानं ती प्रयोगशाळा सहायक. रक्तदाब बघताना दंडाला जो हवेचा पट्टा बांधतात त्याला कफ म्हणतात, आणि असे दोन-तीन कफ तिच्या खांद्यावर कायम टाकलेले असायचे, म्हणून ती कफबाई. पहिल्या दिवशी मला कुणीतरी म्हणालं, "आधी कफबाईकडे जा." मला वाटलं, इथं सर्दी-खोकला तपासून मगच आत घेतात. मी दारातूनच सांगितलं, "मला खोकला नाहीये."

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "अक्कल आहे का?" म्हणाली. "तीही नसेल तर बाहेरच थांब."

अशी आमची ओळख झाली.

प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली. दोन्ही भिंतींना दगडी ओटे, ओट्यांवर पाऱ्याची बारा यंत्रं, आणि टोकाला खिडकीखाली तिची लाकडी खुर्ची, जिच्यावर दुसरं कुणी बसलेलं मी कधी पाहिलं नाही. बटण दाबलं की आकडा दाखवणारी नवी यंत्रं विभागात आली होती. ती आली तशी कपाटात गेली आणि कपाटाची किल्ली बाईच्या कमरेला गेली. "बटणच दाबायचं तर तीन वर्षं कशाला शिकता?" ती विचारायची. "दाराची घंटी वाजवायला जा कुठंतरी."

तेव्हा आम्ही पाऱ्यावरच शिकलो. कफ फुगवायचा, मग हवा हळूहळू सोडायची, आणि कोपराच्या आतल्या बाजूला स्टेथोस्कोप ठेवून कान द्यायचा. पारा उतरत असताना ठोका पहिल्यांदा ऐकू येतो तो वरचा आकडा. ठोके बंद पडतात तो खालचा. सांगायला दोन वाक्यं, पण जमायला मला दोन महिने लागले, आणि ते दोन्ही महिने ती माझ्या डोक्यावर उभी होती. हवा भराभर सोडली की माझ्या मनगटावर पेन्सिल आपटायची. "पळून चाललाय का पारा? सोड सावकाश!"

ती बाविसाव्या वर्षी या विभागात काचसामान धुवायला लागली होती. शिक्षण शाळेपुरतं. बाकी सगळं प्राध्यापकांच्या मागं ओला फडका घेऊन उभी राहून शिकली. तीस-पस्तीस वर्षांत सहा विभागप्रमुख आले आणि गेले, बाई तिथंच. आत्ताचे विभागप्रमुखही तिच्याच हाताखाली शिकलेले. त्यांची प्रात्यक्षिकाची वही तिनं दोनदा परत केली होती, आणि हे ती त्यांच्यासमोर दर वर्षी नव्या मुलांना सांगायची. सर बिचारे हसायचे. दुसरं काय करणार?

ती इतकी कडक का, याच्यावर मुलांनी एक गोष्ट रचली होती. कुण्या कंपाउंडरनं न मोजताच रक्तदाब लिहिला आणि त्यात तिची आई गेली, अशी. ऐकून दोन मुली रडल्याही होत्या. सगळी थाप. तिची आई ठणठणीत होती, ब्याण्णव वर्षांची, एकदा विभागात आली आणि शिपायाशी भांडून गेली. बाईला कडक व्हायला कारण लागत नव्हतं. काही माणसं उंच असतात, तशी ती कडक होती.

तिची आणखी एक खोड सांगायला हवी. तिच्याशी बोलताना कुणी मान खाली घातली किंवा तोंडापुढं हात धरला की ती खेकसायची, "तोंडावरचा हात काढ! इकडं बघून बोल!" आम्हाला वाटायचं, हा शिस्तीचा भाग. आम्ही तिच्या नकला करायचो. जेवायच्या खोलीत कुणी घास घेताना तोंडापुढं हात नेला की सगळे एका सुरात ओरडायचे.

तिसऱ्या वर्षी प्रत्येकानं एक प्रकल्प करायचा असतो. माझा विषय साधा होता. साठ माणसांचा रक्तदाब बसून घ्यायचा, मग त्यांना चार जिने चढायला लावायचे, आणि वर पोचल्यावर लगेच एकदा आणि पाच मिनिटांनी एकदा परत घ्यायचा. एक्केचाळीस माणसं मी इमानेइतबारे मोजली. ग्रंथालयाचे पहारेकरी मोजले, माळी मोजले, कपडे शिवायच्या कारखान्यातल्या बायका मोजल्या. एक जाडजूड पहारेकरी तिसऱ्या जिन्यावर बसकण मारून म्हणाला, "ताई, बाकीचा तुम्हीच चढा आणि माझ्या नावावर लिहा." राहिलेल्या एकोणीस माणसांचं मी साधारण तेच केलं, फक्त जिना न चढता. कारणं सांगत बसत नाही. कारखान्याच्या मुकादमानं बायकांना सोडायचं बंद केलं होतं हे खरं, पण खरं कारण म्हणजे मला कंटाळा आला होता.

आणि मी हुशार! खोटे आकडे लिहिणारे एकशे वीस, एकशे तीस असे गोल आकडे लिहितात आणि पकडले जातात, हे आम्हाला संख्याशास्त्राच्या तासाला शिकवलं होतं. मी ती चूक कशाला करतेय? मी एकशे सतरा लिहिलं. एकशे तेवीस लिहिलं. त्र्याऐंशी, एकोणऐंशी, एकशे एकतीस असे वाकडेतिकडे आकडे मुद्दाम पेरले, म्हणजे कसं खरंखुरं दिसेल. वही पुरी झाल्यावर मी स्वतःवरच खूश होते.

वही जमा करायच्या दिवशी अख्खा वर्ग प्रयोगशाळेत होता. बाईनं माझी वही उघडली आणि एका रकान्यावरून बोट खाली न्यायला लागली. एका जागी बोट थांबलं.

"हे कुठल्या यंत्रावर घेतलंस?"

"आपल्याच, बाई. पाऱ्याच्या."

"पाऱ्याच्या." तिनं माझं मनगट धरलं आणि मला ओढतच ओट्यापाशी नेलं. "एकशे सतरा कुठं दिसला तुला? दाखव. बोट ठेव त्याच्यावर."

मी नळीजवळच्या पट्टीकडे बघितलं. त्या पट्टीवर रेघा दोन-दोनाच्या अंतरानं असतात. एकशे सोळा असतो, एकशे अठरा असतो. एकशे सतराची रेघच नसते. पारा मधे थांबला तर वरची रेघ धरायची, हे तिनं पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं. पाऱ्याच्या यंत्रावर विषम आकडा येऊच शकत नाही. तीन वर्षं मी रोज ती पट्टी बघत होते, आणि खोटं लिहिताना मात्र ती मला एकदाही दिसली नाही.

एवढ्यावर तिनं थांबायला हरकत नव्हती. पण थांबेल ती कफबाई कसली? तिनं वही उचलली आणि वर्गाला वाचून दाखवायला लागली. "एकशे तेवीस. एकशे एकतीस. हा बघा, वर एकशे एकोणतीस, खाली त्र्याऐंशी. दोघं जोडीनं आलेत!" वर्ग खदखदून हसत होता. माझ्या शेजारी बसणारीसुद्धा हसत होती. "एकोणीस माणसं," विषम आकड्यांच्या ओळी मोजून बाई म्हणाली. "एकोणीस माणसांच्या दंडाला ही शिवलेलीच नाही."

प्रकल्प रद्द झाला आणि तिसरं वर्ष पुन्हा करायचं ठरलं. त्या दिवसापासून बाईनं मला नावानं हाक मारणं सोडलं. "ए एकशे सतरा, तो कफ इकडं दे." वर्गानंही तेच नाव उचललं. अजूनही त्या वर्गातलं कुणी भेटलं की तसंच हाक मारतं आणि वर पाठीवर थाप देतं. मला त्यात गंमत वाटत नाही.

घरी आईला सांगितलं. माझी आई दुसऱ्यांचे कपडे दुरुस्त करून देते. तिनं शिलाई यंत्राचा पाय थांबवला आणि विचारलं, "पकडली गेलीस म्हणून रडतेस, की खोटं लिहिलंस म्हणून?"

"तू पण सुरू करू नकोस."

"मग जा आणि त्या बाईचे पाय धर. वर्ष वाचलं तर वाचलं." दादा मागून म्हणाला, "जाताना आकडे मोजत जा, सम-सम." मी त्याला चप्पल फेकून मारली.

रविवारी दुपारी मी बाईच्या घरी गेले. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. घंटी दाबली, पुन्हा दाबली, चार वेळा दाबली. आतून भांड्याचा आवाज येत होता, म्हणजे कुणीतरी होतं. मला वाटलं, मुद्दाम उघडत नाहीये. शेवटी जिन्यावरून तिचा नवरा पिशवी घेऊन वर आला, शांत, टकला माणूस. त्यानं किल्लीनं दार उघडलं. बाई दाराकडे पाठ करून मटार सोलत बसली होती. नवरा तिच्या समोर जाऊन उभा राहिला, टेबलावर बोटांनी टकटक केलं, आणि माझ्याकडे हात केला. मग ती वळली.

"तू?" ती म्हणाली. "इथंही आलीस?"

नवरा आत आंघोळीला गेला. मी उभ्या-उभ्याच पाढा वाचायला सुरुवात केली. एवढी एक चूक पोटात घाला, एकोणीस माणसं महिन्याभरात मोजून देते, वर्ष वाया घालवू नका. बोलता बोलता मला रडू फुटलं आणि मी तोंडावर ओढणी धरली.

"तोंडावरचं काढ."

काढलं. तेवढ्यात तिच्या मागच्या ओट्यावर कुकरची शिट्टी झाली. ती मटार सोलत राहिली. "महिन्याभरात नाही," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी. साठच्या साठ. जुनी एक्केचाळीसही धरायची नाहीत, ती तरी खरी कशावरून?" दुसरी शिट्टी झाली, तिसरी झाली. पाचवीला मी तिच्याकडे बघायला लागले. कुकर तिच्यापासून चार हातांवर किंचाळत होता आणि तिच्या पापणीलाही खबर नव्हती. आठव्या शिट्टीनंतर करपल्याचा वास आला, तेव्हा तिनं नाक वर केलं, उठली आणि गॅस बंद केला.

ती परत वळली. मी बघतेय हे तिनं बघितलं.

"त्या कुकरची शिट्टी बिघडलीय," ती म्हणाली.

ती खोटं बोललेली मी तेवढंच ऐकलं.

जिना उतरताना मला एकेक गोष्ट उलगडत गेली. तोंडावरचा हात काढ म्हणजे ओठ दिसू देत. स्टेथोस्कोप ती आमच्याच कानात घालायची, आपल्या कधी घालायची नाही. आम्ही ऐकायचो आणि ती पारा किती थरथरतो ते बघायची, आमचा चेहरा बघायची, आणि आमचं चुकलं की अचूक सांगायची. निदान तीन वर्षं तिनं एकही ठोका कानानं ऐकला नव्हता, आणि कुणाला पत्ता नव्हता. मला आनंद झाला. लाज वाटायला हवी होती, पण तेव्हा झाला तो आनंदच. रस्त्यानं मी जवळजवळ उड्या मारत घरी आले.

दुसऱ्या दिवशी मी विभागप्रमुखांना अर्ज दिला, की बाईंना ऐकू येत नाही, याची चौकशी व्हावी. भाषा अशी गुळगुळीत की वाचणाऱ्याला वाटावं, मला झोप लागत नाही ती केवळ विद्यार्थ्यांच्या काळजीनं. "कोणाविषयीही आकस न बाळगता" असं मी लिहिलं होतं, आणि त्याखाली स्वतःच रेघ मारली होती.

सरांनी मला बोलावलं. अर्ज त्यांच्यापुढं होता आणि त्यांनी दोन्ही हात त्याच्यावर ठेवले होते. "तिला निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय," ते म्हणाले. "तुला माहितेय हे?"

"माहितेय, सर."

"अर्ज मागे घेतेस का?"

"आकडे चुकले म्हणून माझं वर्ष गेलं, सर. ज्या बाईंना ठोकाच ऐकू येत नाही, त्या आकडे तपासतात. मी काय चुकीचं लिहिलंय?"

मी चुकीचं काही लिहिलंच नव्हतं. हेच त्यात वाईट होतं. सरांनी बाईला बोलावून अर्ज वाचायला दिला. तिनं सावकाश वाचला, माझ्याकडे न बघता. कानाच्या डॉक्टरकडे पाठवू का, असं सरांनी विचारलं, तर म्हणाली, "कान कशाला तपासता? काम तपासा. आत्ता." आणि मग माझ्याकडे बोट केलं. "हिचाच दंड घ्या."

प्रयोगशाळेत आम्ही तिघंच होतो. शिकवण्यासाठी एक दुहेरी स्टेथोस्कोप असतो, एका नळीला कानाच्या दोन जोड्या, म्हणजे दोघांना एकाच वेळी ऐकता येतं. एक जोडी बाईनं कानात घातली, दुसरी सरांनी. मी मधे बसले, ते दोघं समोरासमोर. बाईनं माझ्या दंडाला कफ बांधला. तिचे हात गार होते. माझी बाही वर करताना तिनं ती नीट दुमडून घेतली, नेहमी घ्यायची तशी. मग डाव्या हाताची बोटं माझ्या नाडीवर ठेवून तिनं कफ फुगवला आणि हवा सोडायला लागली. इतक्या सारख्या वेगानं पारा उतरताना मी त्याआधी पाहिला नव्हता आणि त्यानंतरही पाहिला नाही. माझा स्वतःचा ठोका मला दंडात जाणवत होता. मग तोही थांबला.

आणि मला दिसलं की सर बाईकडे बघताहेत आणि त्यांचे ओठ हलताहेत. आवाज नाही, नुसते ओठ. चौऱ्याऐंशी. पुन्हा एकदा, आणखी सावकाश. चौ-ऱ्या-ऐंशी.

बाईनं ते वाचलं. तिनं वाचलं हे मला कळलं, सरांनाही कळलं. तिनं तो आकडा नुसता उच्चारला असता तर सरांनी तो लिहिला असता, आणि मी जन्मभर बोंबलले असते तरी कुणी माझ्यावर विश्वास ठेवला नसता. एकशे सतरावर कोण विश्वास ठेवणार?

"सर, तोंड मिटा," ती म्हणाली. "मी ऐकायला बसलेय, वाचायला नाही."

सरांनी तोंड मिटलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"लिहा," बाई म्हणाली. "वरचा एकशे तीस, नाडी बोटाला परत लागली तिथला. कानानं घेतला तर दोनेक जास्त येईल. खालचा ऐकू आला नाही." सरांची लेखणी कागदावर नुसती टेकलेली होती. "लिहा ना, सर. की अक्षरं सुटी करून सांगू? आणि नाडी एकशे आठ. बसलेल्या माणसाची."

सर लिहीत नाहीत म्हणून शेवटी तिनं कागद आपल्याकडे ओढला आणि स्वतःच्या हातानं लिहिला. खालच्या आकड्याच्या चौकटीत तिनं 'ऐकू आला नाही' असं ठळक लिहिलं, चौकटीत मावेना म्हणून शेवटचा शब्द खाली गेला. सही केली. मग कानातून स्टेथोस्कोप काढला, नळी पुसली, गुंडाळून डब्यात ठेवली.

"तक्रारदाराची सही लागते," सर मला म्हणाले. "सही होईपर्यंत अर्ज मागे घेता येतो."

कागद माझ्यापुढं आला. बाही अजून वरच दुमडलेली होती. मी एक शब्द बोलले असते तर पुरलं असतं, आणि तो शब्द मला येत होता. पण मला वर्ग आठवला, खदखदून हसणारा, आणि आपल्याला लाज वाटतेय या गोष्टीचाच मला इतका संताप आला की दातांवर दात बसले.

बाई माझ्या ओठांकडे बघत होती. ती माझ्याकडून कशाची वाट बघत होती असं मी म्हणणार नाही. तिला ओठांकडे बघायची सवयच होती. पण ती बघत होती, आणि बराच वेळ बघत होती.

मी ओठ हलवले नाहीत. सही केली आणि खाली तारीख घातली.